साभार परत आल्यावर

घरातलं कुणी लिहितं, हे बहुतेक घरांत उशिरा कळतं. वही गादीखाली असते, नाही तर सगळं मोबाइलमध्ये. मुलगी कॉलेजातून आल्यावर कोपऱ्यात बसून टाइप करते आणि अम्मीला वाटतं, मैत्रिणीशी गप्पा चालल्यात. एक दिवस ती धीर करून कथा एखाद्या मासिकाला किंवा दिवाळी अंकाला पाठवते. मग वाट पाहणं. पूर्वी कागद परत यायचे आणि वर छोटी चिठ्ठी असायची, ‘साभार परत’. स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडलं नसेल तर तेही येत नसे. आता ई-मेल जातो आणि पुढे शांतता. दोन महिने, चार महिने. अंक बाजारात येतो, अनुक्रमणिकेत आपलं नाव नसतं, तेव्हा उत्तर कळतं.

त्यानंतर काय होतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. वही बंद होते. कुणी रागावून फाडतं, बहुतेकजण नुसते ठेवून देतात आणि ‘वेळच मिळत नाही’ म्हणतात. लिहावं कसं हे सांगणारी पुस्तकं, शिबिरं पुष्कळ आहेत. लिहिलेलं परत आलं तर पुढचा महिना कसा काढायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून आज एका माणसाची हकीकत सांगते. खरं तर दोन माणसांची.

नगीब महफूज हे नाव 1988 साली जगभर झालं. साहित्याचं नोबेल मिळालेले ते अरबी भाषेतले पहिले लेखक. त्यांच्या एका कादंबरीवरून मोठा वाद झाला होता, पण तो विषय निराळा. आपल्याला त्यांची नोबेलच्या कितीतरी आधीची वर्षं हवी आहेत. जन्म 1911 चा, कैरोतल्या जमालिया या जुन्या मोहल्ल्यातला. वडील सरकारी नोकर. 1934 मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवी घेतली, आधी विद्यापीठाच्या कचेरीत आणि मग औकाफ खात्यात नोकरी धरली. औकाफ म्हणजे वक्फचं खातं. आपल्याकडे वक्फ बोर्डाच्या कचेरीत फायलींच्या ढिगामागे एखादा माणूस बसलेला दिसतो ना, तसल्याच टेबलावर बसून या माणसाने अनेक वर्षं काढली. दुपारी दोनपर्यंत कचेरी, मग घरी चार ते सात लेखन, नंतर वाचन, असा त्यांचा दिवस ठरलेला असे.

त्या काळात कैरोमध्ये सलामा मूसा नावाचे एक संपादक होते. तरुण महफूज त्यांच्याकडे कादंबरी घेऊन गेले. मूसांनी वाचली आणि नाही म्हणून सांगितलं. महफूज दुसरी घेऊन गेले, तिलाही नाही. तिसरीचंही तेच. तुझ्यात गुण आहे, पण हे अजून छापण्याजोगं झालेलं नाही, असा मूसांच्या बोलण्याचा अर्थ होता. चौथी कादंबरी प्राचीन मिस्रमधल्या फिरऔनांच्या काळावरची होती. ती मूसांनी 1939 मध्ये छापली.

इथे जरा थांबून त्या तीन नकारांकडे बघा. एका संपादकाने तीन अख्ख्या कादंबऱ्या वाचल्या. कुठे कमी आहे ते सांगितलं. दार बंद केलं नाही. असा नकार आज कुणाला मिळाला, तर तो जपून ठेवावा. आणि महफूज पुन्हा त्याच दारात गेले, हेही लक्षात घ्या. ‘याला माझं काही कळत नाही’ असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं नाही.

आपल्या उर्दू शायरीत याला एक जुना शब्द आहे, इस्लाह. शागीर्दाने गझल उस्तादाकडे पाठवायची, उस्तादाने शेर खोडायचे, शब्द बदलायचे, आणि कागद परत. मिर्झा गालिब हे काम टपालाने करत असत. हरगोपाल तफ्ता हे त्यांचे लाडके शागीर्द, आणि गालिबची त्यांना लिहिलेली पत्रं आजही आवडीने वाचली जातात. उस्तादाने शेर खोडला म्हणून शागीर्दाची इज्जत जात नसे. गालिबने तर स्वतःच्याच सुरुवातीच्या शायरीतला मोठा हिस्सा 1841 मध्ये छापलेल्या दीवानातून बाहेर ठेवला. स्वतःला इतका कडक नकार देणारा माणूस विरळा. मराठी मासिकांच्या कचेरीत आज इस्लाह करायला कुणाला फुरसत नाही, हे खरं. दोन माणसं संपादन, मुद्रितं तपासणं, जाहिराती आणि वर्गणी सगळं सांभाळत असतात. कारण न सांगता कथा परत आली, तर त्यात बहुतेक वेळा अपमान नसतो, माणसं कमी असतात.

आता दुसरा माणूस. आदिल कामिल, महफूज यांचा दोस्त, त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. दोघांनीही अरबी भाषा अकादमीच्या कादंबरी स्पर्धेत आपापली कादंबरी दिली. महफूज यांची ‘अल-सराब’, म्हणजे मृगजळ, आणि कामिल यांची ‘मिल्लीम अल-अकबर’. अकादमी म्हणजे मोठमोठ्या विद्वानांची संस्था. तिने दोन्ही कादंबऱ्या नाकारल्या.

आदिल कामिल यांच्या मनाला हे फार लागलं. 1944 मध्ये ‘मिल्लीम’ छापून आली, तेव्हा त्यांनी तिला लांबलचक प्रस्तावना जोडली आणि नाकारणाऱ्यांचा समाचार घेतला. मग हळूहळू त्यांनी लेखन सोडलं आणि वकिली धरली. या साऱ्याचा उपयोग तरी काय, असं ते मित्रांना विचारत, अशी आठवण महफूज पुढे सांगत. महफूज यांनी त्या स्पर्धेविषयी प्रस्तावना लिहिली नाही. ते पुढचं लिहीत राहिले. ‘अल-सराब’ 1948 मध्ये निघाली, तोवर त्यांची आणखीही पुस्तकं आलेली होती.

आदिल कामिल चुकले, असं मला म्हणायचं नाही. वकिली हा हलालाचा, इज्जतीचा धंदा आहे. दोघांची मैत्रीही शेवटपर्यंत टिकली. लिहिणं सोडलं म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही, हे आपल्या घरातल्या लिहिणाऱ्यालाही कळू द्यावं. पण ‘मिल्लीम’चं पुढे काय झालं तेही सांगते. अकादमीने नाकारलेली ती कादंबरी अरबी वाचक विसरले नाहीत, आणि अलीकडे ती इंग्रजीतही आली. लेखक त्याआधीच, 2005 मध्ये, वारले होते. मधल्या साठ वर्षांत त्यांनी आणखी काय काय लिहिलं असतं, हा प्रश्न मला छळतो.

दोघांत फरक काय होता? हुशारीचा नव्हता. माझ्या समजुतीप्रमाणे फरक टेबलावरच्या कागदाचा होता. निकाल आला तेव्हा महफूज यांचं पुढचं काम चालू होतं. चार वाजले की बसायचं होतंच. ज्याचा सारा जीव एकाच पाकिटात अडकलेला असतो, त्याला ते पाकीट परत आलं की बसायला जागाच उरत नाही. म्हणून एक पाठवलं की दुसऱ्या दिवशी नवं सुरू करावं, मग ते अर्धं पान का असेना. आणि हो, पगार चालू होता. नकारामुळे चूल बंद पडत नव्हती. आपल्याकडे कुणी बी.ए. झाल्याबरोबर ‘मी आता पूर्णवेळ लेखक’ म्हणू लागलं, तर त्याच्या अब्बांची काळजी मला अगदी रास्त वाटते. मराठीत लेखनावर घर चालवणारे बोटांवर मोजावेत.

छापणारे मिळत नाहीत म्हणून या मंडळींनी आणखी एक गोष्ट केली. 1943 मध्ये अब्दुल हमीद जूदा अल-सह्हार या लेखकाने मित्रांना जमवून विद्यापीठातून शिकून निघालेल्या तरुणांसाठी एक प्रकाशन समिती काढली. महफूज, कामिल, अली अहमद बाकसीर यांची पुस्तकं तिनेच छापली. हे वाचताना मला आपलं सोलापूर आठवतं. आपल्याला मोठ्या मंडपात जागा मिळत नाही, मिळाली तर कोपऱ्यात मिळते, असं वाटणाऱ्यांनी 1990 साली तिथे पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवलं. अध्यक्ष होते कवी फ. म. शहाजिंदे. त्यानंतर लिहू लागलेल्या कितीतरी जणांना आपण एकटे नाही, हे पहिल्यांदा अशा मंडपात कळलं.

महफूज यांचा सर्वांत मोठा नकार मात्र अजून यायचा होता. अनेक वर्षं खपून त्यांनी कैरोतल्या एका व्यापारी कुटुंबाच्या तीन पिढ्यांची कादंबरी लिहिली. 1952 मध्ये ती पुरी झाली. हजारावर पानांचं बाड. ते घेऊन ते आपल्या नेहमीच्या प्रकाशकाकडे गेले. हे सईद अल-सह्हार, म्हणजे घरचेच. बाड बघून प्रकाशक हबकले. एवढं कोण छापणार, किंमत काय ठेवणार आणि घेणार कोण? महफूज बाड घेऊन घरी परतले. तो दिवस त्यांना किती जड गेला, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. तेव्हा ते चाळिशीत होते, नवशिके नव्हते.

बाड घरात पडून राहिलं. दोन वर्षांनी, 1954 मध्ये, युसूफ अल-सिबाई या लेखकाने ‘अल-रिसाला अल-जदीदा’ नावाचं मासिक काढलं. त्यांना क्रमशः छापायला काही तरी हवं होतं. कादंबरी महिन्याला थोडी थोडी छापली जाऊ लागली आणि लोक पुढच्या अंकाची वाट बघू लागले. मग त्याच प्रकाशकाने ती 1956-57 मध्ये तीन भागांत काढली: ‘बैन अल-कसरैन’, ‘कस्र अल-शौक’ आणि ‘अल-सुक्करिया’. तिन्ही नावं जुन्या कैरोतल्या गल्ल्यांची. आज महफूज यांचं नाव निघालं की आधी याच तीन पुस्तकांचं नाव निघतं.

अडचण होती ती कागदाच्या गठ्ठ्याची आणि किमतीची. मासिकात तुकडे झाले, पुस्तकाचे तीन भाग झाले, आणि अडचण सुटली. म्हणून ‘नाही’ ऐकल्यावर पहिल्यांदा विचारायचं, हे ‘नाही’ कशाला आहे? कधी ते लांबीला असतं. मासिकात कथेला पाच-सहा पानं असतात आणि आपण पंधरा पानांची कथा पाठवलेली असते. कधी विषयाला असतं, कारण त्याच विषयावरची कथा मागच्याच महिन्यात येऊन गेलेली असते. कधी वेळेला असतं. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, आणि गणपतीच्या सुमाराला पाठवलेली चांगली कथाही तिथे उपाशी राहते. आणि कधी ते खरोखर लेखनाला असतं. हे शेवटचं कबूल करायला सर्वांत जड. परत आलेला मजकूर महिनाभर बाजूला ठेवून मग मोठ्याने वाचला, तर जिथे आपली जीभ अडखळते तिथेच बहुधा संपादकाचीही अडखळलेली असते.

आपल्या लिहिणाऱ्यांच्या वाट्याला एक निराळा नकारही येतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. गोष्ट असते शेतातल्या विहिरीची, बापलेकांच्या अबोल्याची, किंवा एस.टी.तल्या प्रवासाची. लेखकाचं नाव वाचून उत्तर येतं, ‘तुमच्या समाजावरचं काही असेल तर पाठवा.’ समाजावरचं म्हणजे तलाक, दंगल नाही तर ईद. किंवा कौतुक होतं, ‘तुमचं मराठी किती छान आहे!’ लातूर-सांगलीत जन्मलेल्या माणसाला याचं काय उत्तर द्यावं? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहून शेकडो वर्षं झाली. तरी खाला, दस्तरखान, सहेरी हे शब्द कथेत आले की त्यांचे अर्थ कंसात द्या म्हणतात. मी म्हणते, देऊ नका. वाक्य नीट लिहिलं असेल तर सहेरी म्हणजे काय ते वाचणाऱ्याला आपोआप समजतं.

दुसऱ्या बाजूने नकार घरातून येतो. ‘घरची बात बाहेर कशाला?’ ‘खाला वाचतील तर काय म्हणतील?’ हा प्रश्न अगदीच फुकट नाही. जिवंत माणसाची खाजगी गोष्ट नावागावासकट छापून टाकणं लेखकालाही शोभत नाही. पण बहुतेक वेळा भीती त्याची नसते. सून लिहिते, याचीच असते. संपादकाचा नकार चार महिन्यांनी येतो, हा रोज येतो. दोन बाजूंच्या अशा कात्रीत सापडलेल्या बाईने वही बंद केली, तर तिच्यात धमक नव्हती असं मी कधीच म्हणणार नाही.

म्हणून घरच्यांसाठी दोन शब्द. पाकीट परत आलं त्या दिवशी ‘मी आधीच सांगत होतो’ हे वाक्य गिळून टाका. ‘तुझ्याइतकं चांगलं कुणी लिहीत नाही, त्या संपादकालाच अक्कल नाही’ हेही नको. पहिल्याने जखम होते, दुसऱ्याने शिकणं बंद होतं. त्यापेक्षा ती कथा मागून घ्या आणि वाचा. ‘मधे मला कळलं नाही, हा माणूस गेला कुठे?’ एवढं जरी म्हणालात तरी लिहिणाऱ्याला घरबसल्या इस्लाह मिळाली. वाचायला सवड नसेल, तर संध्याकाळची भांडी तासभर दुसऱ्या कुणी उचलावीत. महफूज यांना चार ते सात मिळत होते, कारण त्या वेळात त्यांच्यापुढे चपात्या लाटायचं काम नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या चरित्रात लिहिलेली नसते, आपणच ओळखायची.

लिहिणाऱ्याने एक साधी वही ठेवावी. कोणता मजकूर, कुणाला, कोणत्या तारखेला पाठवला, काय उत्तर आलं. तीन महिने उत्तर नाही आलं, तर एक नम्र चौकशी, आणि मग ‘हा मजकूर आता दुसरीकडे पाठवत आहे’ असं कळवून खरंच दुसरीकडे पाठवावा. एकच कथा एकदम चार ठिकाणी पाठवू नये, दोघांनी छापली तर दोन्ही दारं बंद होतात. पाठवण्याआधी त्या मासिकाचे मागचे तीन-चार अंक वाचावेत. अंक कधी न पाहता मजकूर पाठवणारे फार असतात आणि संपादकाला ते पहिल्या पानावरच कळतं. नकाराला वाद घालणारं उत्तर लिहू नये. मनात आलंच तर वहीत लिहावं, टपालात टाकू नये. आदिल कामिल यांची प्रस्तावना तरी छापली गेली, आपला रागाचा ई-मेल एक संपादक वाचतो आणि लक्षात ठेवतो.

नकारांनी थकलेल्या माणसाला आणखी एक भूल पडते. ‘इतके हजार भरा, आम्ही तुमचं पुस्तक काढतो’ असं कुणी म्हणतं. पैसे जातात, प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली येतात आणि दुकानात एकही दिसत नाही. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, पण करार वाचून, किती प्रती, कुठे विकणार, हे लिहून घेऊनच. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाची चौकशी जरूर करा. पहिलं पुस्तक काढू पाहणाऱ्यांसाठीच ही योजना आहे. हस्तलिखित तिथे तज्ज्ञांकडून वाचलं जातं. तिथूनही ते परत येऊ शकतं. वहीत तारीख घाला आणि परत आलेलं बाड पुन्हा वाचायला घ्या.